एक खुर्ची, लाकडी, मळकी

मळकी! अहो, सरकारी कागदावर लिहिलंय, घडी करून पाकिटात ठेवलाय मी, हा बघा... 'एक खुर्ची, लाकडी, स्वयंपाकघरातली, मळकी.' लालाची खुर्ची आणि मळकी? माझी बायको एउलालिया, तिला सगळी गल्ली लाला म्हणायची, ती आज असती ना, तर हे लिहिणाऱ्या साहेबाला कान धरून नळाखाली नेलं असतं तिने, आधी हात धुवायला लावले असते आणि मग विचारलं असतं, 'हां, आता बोल, काय मळकं आहे?' आणि मी असं काय मोठं मागितलं होतं हो? मोर्चा मागितला नव्हता, पेपरात फोटो मागितला नव्हता... मला आपली माझी खुर्ची हवी होती!

आता बर्फ पडल्यावर शिकागोत खुर्चीला काय मान असतो ते मी सांगायला नको. दोन तास फावडं मारायचं, कमरेचा काटा ढिला करून घ्यायचा, गाडीपुरती जागा मोकळी करायची आणि गाडी काढली की तिथे घरातली खुर्ची आणून ठेवायची. संपलं! जागा तुमची. कुठल्या कायद्यात नाही हे, पण आमच्या गल्लीत माणूस पाद्रीबाबांसमोर खोटं बोलेल, दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावणार नाही. एकाने लावला होता, सत्त्याण्णव साली. सकाळी उठून बघतो तर गाडीवर रबरी नळीने पाणी मारून ठेवलेलं, आख्खी गाडी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी गोठलेली! मार्चपर्यंत बसने गेला कामावर. तेव्हापासून सगळे शहाणे.

तर त्या वर्षी बावीस डिसेंबरला मी खुर्ची ठेवली. गाडी? गाडी नव्हती हो. गाडी मुलगी मिलवॉकीला घेऊन गेली होती, एप्रिलपर्यंत. 'मग खुर्ची कशाला?' हेच, अगदी हेच शब्द वेन्सेस्लाओचे! वेन्सेस्लाओ म्हणजे शेजारच्या मक्लोव्हियाचा जावई. घरजावई. त्याच्याकडे एवढा मोठा ट्रक, आणि तो रोज माझ्या दारावरून जाताना मान हलवणार, 'काय डॉन चेंचो, खुर्ची कुठे फिरायला न्यायचीय का?' चेंचो म्हणजे मी, 'डॉन' आपलं वयाला मान म्हणून. मी म्हणायचो, 'तुला काय करायचंय? बसलीय ती. बसू दे.'

खरं सांगू का... लालाला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. वरच्या खिडकीतून खाली बघितलं आणि खुर्ची दिसली की बरं वाटायचं. एवढंच.

लाला दर वसंतात ती पांढरी रंगवायची. पांढरी! आमच्या गल्लीत! अहो, गल्लीच्या टोकाला कोळशाचं वीजघर, त्याचं धुराडं चर्चच्या मनोऱ्यापेक्षा उंच, वीज जाणार कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात आणि धूर मात्र जवळचा नातेवाईक असल्यासारखा आमच्याकडे मुक्कामाला! सकाळी पांढरा बर्फ पडला की संध्याकाळी मिरपूड घातल्यासारखा, दुसऱ्या दिवशी करडा, तिसऱ्या दिवशी विचारूच नका. मी म्हणायचो, 'अगं, तपकिरी रंग लाव, कळणार नाही.' तर म्हणायची, 'कळणार नाही म्हणूनच नको.' रोज सकाळी गरम पाण्याची बादली, फडकं, खाली जायचं, खुर्ची पुसायची, दाराची पायरी धुवायची, खिडकीचे कट्टे पुसायचे. रोज! बर्फ असो, वारा असो. शेवटच्या हिवाळ्यात त्या तेवढ्या कामाला तीनदा थांबायची, कठड्याला धरून. छातीत शिट्टी वाजायची, वर माझ्यापर्यंत ऐकू यायची. मी म्हणायचो, 'लाला, राहू दे.' ती म्हणायची, 'झालंच.'

ती गेल्यावर मी खुर्ची ठेवली खरी, पण पुसली नाही. नाही जमलं. फडकं घेऊन दोनदा खाली गेलो आणि दोनदा वर आलो.

बरं, ते असो. आता यात नेरेइडा येते. कोपऱ्यावर कपडे धुण्याचं दुकान आहे ना, ती नेरेइडा. अकरा वर्षं... अकरा! अकरा वर्षं ती त्या वीजघराच्या मागे हात धुऊन लागली होती. चर्चच्या तळघरात सभा, मोर्चे, तोंडाला फडकी बांधून धुराड्यासमोर उभं राहणं, सह्या, पुन्हा सह्या... मी सभांना जायचो, नाही म्हणत नाही, पण खोटं कशाला बोलू, मी गोड पावासाठी जायचो. शिंपल्याच्या नक्षीचा गोड पाव असायचा, आणि मागच्या रांगेत बसलं की पावाची पेटी आधी मागून फिरायची.

तर एक दिवस ती उभी राहिली, म्हणाली, 'ऐका! शहराच्या हवेच्या खात्यातून साहेब येणार आहेत, फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी, घराघरावर किती काजळी बसते ते मोजायला. कंपनी म्हणते काजळी नाहीच. म्हणून आजपासून त्या शुक्रवारपर्यंत, महिनाभर, कोणी काही पुसायचं नाही! झाडायचं नाही! धुवायचं नाही!'

तुम्हाला सांगतो, तळघरात अशी शांतता झाली की माझ्या तोंडातला पाव चावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मक्लोव्हिया, माझ्या मुलीची धर्ममाता, म्हणून ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोंपाद्रे, लालाची जिवाभावाची मैत्रीण, तिने छातीवर हात ठेवला, 'महिनाभर? दाराची पायरीसुद्धा नाही?' 'पायरीसुद्धा नाही, डोन्या मक्लोव्हिया.' 'आणि लोक काय म्हणतील?' 'कोण लोक? सगळे लोक इथेच बसलेत!' शेवटी सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. मक्लोव्हियाने अर्धाच हात वर केला, मी बघितला होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

महिना गेला हो. कसा गेला ते मक्लोव्हियाला विचारा. रोज सकाळी झाडू घेऊन दारात उभी, झाडू हातात, डोळे पायरीवर, आणि पुटपुटतेय... मला वाटलं प्रार्थना करतेय, जवळ जाऊन ऐकलं तर वीजघराच्या मालकाच्या आईचा उद्धार चालला होता. खिडक्यांचे कट्टे काळेकुट्ट. बोट फिरवलं तर आपलं नाव लिहिता येईल. नेरेइडा खूश! गल्लीतून फिरायची, प्रत्येक कट्ट्याकडे असं बघायची जसं दुसरी बाई फुलझाडांकडे बघते.

आणि शुक्रवार उजाडला...

सकाळी सहाला मला जाग आली ती वासाने. कसला वास? पाइनच्या साबणाचा! खिडकी उघडतो तर काय सांगू... आख्खी गल्ली रस्त्यावर! बादल्या, फडकी, झाडू, खराटे, गरम पाण्याच्या वाफा, एकीने तर शिडी लावून दारावरचा क्रूस घासायला घेतलेला! खाली पाणी ओतलं की लगेच गोठतंय, म्हणून मागून वेन्सेस्लाओ मिठाचं पोतं घेऊन शिंपडत चाललाय. मी वरून ओरडलो, 'कोमाद्रे, हे काय करताय?' तर मान वर न करता म्हणते, 'कोंपाद्रे, सरकारी साहेब घरी येणार, पाहुणा येणार, आणि दारात ही घाण? आपली काही इभ्रत आहे की नाही?' मी म्हटलं, 'अहो, तो घाणच बघायला येतोय!' तर एक क्षण थांबली, तुम्हाला सांगतो, खरंच थांबली, विचार केला, आणि म्हणाली, 'मग आतली बघू दे. दारातली नाही.'

आता तुम्ही हसताय. पण त्यांना एकमेकींचं माहीतच नव्हतं हो! प्रत्येकीला वाटलं, बाकीच्या सगळ्या ठेवणारच आहेत ना काळं, मग माझ्या एकटीच्या दाराने काय फरक पडतो? मी आपलं तेवढं पुढचं पुढचं पुसते. असं करत करत पंचेचाळीस घरं लख्ख!

नऊ वाजता साहेब आले. लिंडक्विस्ट. उंच, काटकुळे, हातात पेटी, पेटीत पांढऱ्या फडक्यांच्या पाकिटबंद घड्या. पहिल्या घराचा कट्टा पुसला... फडकं पांढरं. दुसऱ्या घरी पांढरं. तिसऱ्या घरी फडकं पांढरं आणि वर साबणाचा वास. आणि प्रत्येक दारात, 'या साहेब, थंडी किती आहे, आत या, एक तामाल खा!' नाही म्हणायची सोय आहे का? केळीच्या पानात उकडलेला मक्याचा तामाल, मक्याच्या सालीतला तामाल, वर मक्याच्या पिठाचा कढत चॉकलेटी चांपुरादो... सहाव्या घरातून साहेब बाहेर आले ते कोटाची बटणं सोडून. वहीत काय लिहिणार? गल्लीत काजळी नाही, जेवण उत्तम!

नेरेइडा मागून चालत होती. आधी लाल झाली, मग पांढरी. सातव्या घराशी तिने मक्लोव्हियाला गाठलं, 'डोन्या मक्लोव्हिया... शपथ घेतली होती ना?' मक्लोव्हिया पदराला, म्हणजे एप्रनला हात पुसत, 'अगं पोरी, फक्त पुढचं धुतलं! मागचं ठेवलंय तसंच!' सगळे मागे गेलो. मागचंही धुतलेलं. मक्लोव्हिया म्हणाली, 'अगंबाई, हे कधी धुतलं मी?' हाताला सवय हो, डोक्याला कोण विचारतो!

तेव्हा नेरेइडा फुटपाथच्या कडेला बसली. त्या मिठात, त्या ओलीत. खिशातून दम्याचा पंप काढला, दोन झुरके ओढले. तिच्या छातीतही शिट्टी वाजते, चाळिशीसुद्धा नाही अजून. म्हणाली, 'पुढची तारीख दीड वर्षानंतर मिळते.' एवढंच. रडली वगैरे नाही. पण मला तो शिट्टीचा आवाज ओळखीचा होता ना... मला ते बघवेना, खरं सांगतो.

आणि तेवढ्यात साहेबांचा आवाज. 'ही कोणाची?'

बघतो तर साहेब माझ्या खुर्चीसमोर उभे! माझी खुर्ची. आख्ख्या लख्ख गल्लीत एकटी काळी. बसायची पाटी काळी, पाठ काळी, पायांच्या खाचांमध्ये काजळीचे थर. बर्फ पडला, वितळला, काजळी तिथेच राहिली, पुन्हा पडला, पुन्हा वितळला... बायकांनी क्रूस घासला, कचऱ्याचे डबे घासले, वेन्सेस्लाओचा ट्रक घासला, पण त्या खुर्चीच्या हातभर लांबून खराटे फिरवले! कारण? जागेवरच्या खुर्चीला कोणी हात लावत नाही!

मी धावत पुढे. पायात एक बूट, एक सपात, सकाळी घाईत तसाच खाली उतरलो होतो. 'माझी! माझी आहे!' साहेबांनी विचारलं, 'कधीपासून आहे इथे?' 'बावीस डिसेंबर.' 'मध्ये कोणी पुसली? हलवली? हात लावला?' आणि पंचेचाळीस घरं एका सुरात, 'छे!!!' मक्लोव्हियाला तर अपमानच वाटला, 'साहेब, आम्ही काय चोर आहोत?' वेन्सेस्लाओ पुढे आला, छातीवर हात ठेवून म्हणाला, 'साहेब, मी रोज बघतोय. रोज मनात यायचं, उचलून फेकावी. नाही उचलली.' याहून पक्का साक्षीदार कुठे मिळणार?

लिंडक्विस्ट साहेब हसले. पहिल्यांदाच. म्हणाले, 'मी याच शहरातला. माझ्या आईची निळी होती.' मग एक फडकं काढलं, एकदाच फिरवलं पाठीवरून... फडकं काळंभोर. आणि खुर्चीवर एक पट्टा, पांढरा. लालाचा पांढरा.

मग म्हणाले, 'डॉन चेंचो, ही मला न्यावी लागेल. पण विचारल्याशिवाय हात लावणार नाही.' आणि खरंच, दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले!

मी म्हटलं, 'नाही.'

अहो, मला काय करायचंय तुमच्या मोजमापांशी! मी म्हटलं, दुसरं काहीही न्या, माझा पलंग न्या, टीव्ही न्या. सगळी गल्ली माझ्याकडे बघतेय. नेरेइडा उठली, जवळ आली. मला वाटलं आता भाषण देणार, अकरा वर्षं, सह्या, मोर्चे... तर हळूच म्हणाली, 'डॉन चेंचो, डोन्या लाला माझ्या दुकानात यायच्या, तेव्हा चादरी झटकून माझ्याशी भांडायच्या. म्हणायच्या, तू नीट धूत नाहीस. मी म्हणायचे, धुतल्या होत्या, वाळत घातल्यावर काळ्या झाल्या. त्यांनी शेवटपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवला नाही.'

खरंच होतं ते. लाला तशीच होती, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणारी नव्हती. मी साहेबांना म्हटलं, 'न्या. पण परत आणून द्यायची.' त्यांनी तो कागद लिहून दिला. 'एक खुर्ची, लाकडी...' पुढचं तुम्हाला माहीतच आहे. खुर्ची गाडीत चढली आणि चार मिनिटांत, मी घड्याळात बघितलंय, चार मिनिटांत त्या जागेत वेन्सेस्लाओचा ट्रक! वर म्हणतो, 'डॉन चेंचो, आता खुर्ची नाही ना!'

मग सुनावणी. मोठ्ठं दालन, गालिचा, आणि मधल्या टेबलावर माझी खुर्ची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिठ्ठी बांधून. मी दुसऱ्या रांगेत बसलो. गोड पाव नव्हता. मी गेलो होतो ते खुर्ची कधी मिळेल ते विचारायला, हे आधीच सांगतो! कंपनीचे वकील उठले, बूट असे चकचकीत की त्यात छत दिसावं. म्हणाले, 'ही काजळी गाड्यांची असेल. शेगडीची असेल. आणि मी म्हणतो, ही खुर्ची मुळात काळ्या रंगाची नसेल कशावरून?'

काळ्या रंगाची!

मी उठलोच. कोणी बोलावलं नव्हतं. म्हटलं, 'साहेब, ही खुर्ची पांढरी आहे. माझी बायको दर वसंतात रंगवायची. आणि तेवीस वर्षं रोज सकाळी पुसायची. रोज पुसायची म्हणून तुम्हाला काजळी कधी दिसली नाही. तुमचं धुराडं काळं करायचं आणि ती पांढरं करायची. धाप लागायची, तरी पुसायची. तिने पुसायचं थांबवलं ते मेल्यावर. दहा महिने झाले होते तिला जाऊन, तेव्हा ही बाहेर ठेवली. दोन महिने कोणी पुसली नाही. तर बघा केवढं होतं ते.'

आणि खाली बसलो. पुढे आणखी काही बोलायचं होतं, खुर्ची परत कधी देणार ते विचारायचं होतं, तेच राहून गेलं बघा! मागून मक्लोव्हियाचा हुंदका, आणि मग तिचाच आवाज, 'मी सांगत होते ना, ती माझ्यापेक्षा स्वच्छ होती.'

झालं. दोन वर्षं लागली. आधी हुकूम निघाला की गाळणी बसवा, मग कंपनी म्हणाली परवडत नाही, मग एका सप्टेंबरात वीजघर बंदच झालं. गल्लीत बँड लावला होता. नेरेइडा नाचली, पंप घरी ठेवून नाचली. मी तिला नाचताना धरून विचारलं, 'पोरी, सगळं चांगलं झालं, पण माझी खुर्ची?'

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर आली. लिंडक्विस्ट साहेब स्वतः घेऊन आले, मक्लोव्हियाने त्यांना आठ तामाल खाऊ घातले. प्लॅस्टिक काढलं. तशीच काळी, मध्ये तो एक पट्टा. मी गरम पाण्याची बादली घेतली, फडकं घेतलं आणि या वेळी नाही परतलो. पुसली. सगळी पुसली, खाचाखाचांतून. रडलो, हो, रडलो, त्यात काय लपवायचं? मग पांढऱ्या रंगाचा डबा आणला, लालाचाच कुंचला घेतला, दोन हात दिले. अशी झाली हो, अशी झाली... नवी कोरी!

पहिला बर्फ पडला डिसेंबरात. फावडं मारलं, गाडी मुलीकडे पाठवली, खुर्ची ठेवली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस... बर्फ पांढराच! चौथ्या दिवशीही पांढरा! खुर्ची पांढरी! मी खिडकीत कॉफी घेऊन बसलोय, मनात म्हणतोय, लाला, बघ, बादलीची गरज नाही...

आणि खाली कर्रर्र!

नेरेइडाची गाडी. मागे घेत होती. खुर्चीचा मागचा डावा पाय... गेला. मी पुन्हा एक बूट, एक सपात. ती गाडीतून उतरली, तोंडावर हात, 'डॉन चेंचो, आईशप्पथ, दिसलीच नाही! बर्फ पांढरा, खुर्ची पांढरी... आधी बर्फ काळा असायचा, तेव्हा लांबून दिसायची हो!'

अहो, अकरा वर्षं हिनेच भांडून बर्फ पांढरा केला!

पाय बसवला. वेन्सेस्लाओनेच बसवला, सुतारकी येते त्याला, वर म्हणतो कसा, 'डॉन चेंचो, काहीतरी करा, नाही तर पुढच्या वेळी माझा ट्रक असेल.' मी दोन दिवस विचार केला. लालाला मनातल्या मनात विचारलं. तिने नाक मुरडलं असणार, नक्की मुरडलं असणार, पण ती हेही म्हणाली असती की चेंचो, वस्तू टिकायला हवी.

म्हणून काल दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, 'डॉन चेंचो, यंदा पण पांढराच ना?' मी म्हटलं, 'नाही रे बाबा. एक डबा दे... काळा.'